करारात नोकरीचे कलम हवे

भोपाळच्या पूर्वेला, भेलच्या कारखान्याला आणि वसाहतीला लागून अवधपुरी वाढत गेली. १९५६ साली नागपूरचे राजधानीपद गेले, भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झाले आणि त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स (पुढे भेल) ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ट्रान्सफॉर्मर, जलविद्युत टर्बाइन, रेल्वे इंजिनांच्या मोटारी बनवणाऱ्या या कारखान्याने शहराला पगारदार मध्यमवर्ग दिला. भेलमधून निवृत्त झालेल्यांची घरे अवधपुरीत जागोजाग आहेत आणि त्यांत मराठी घरेही आहेत. त्या घरांतली पुढची पिढी मात्र शिक्षण संपले की बहुधा पुण्याची नाहीतर बंगळूरूची वाट धरते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या ज्या इमारतींत ही मुले संगणकासमोर बसतात, त्यांतल्या कित्येक विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे सेझमध्ये, मोडतात.

म्हणजे सेझने भोपाळच्या मुलांना नोकऱ्या दिल्या, पण त्या पुण्यात. आता २०२५ मध्ये भोपाळ जिल्ह्यातल्या बैरसिया तहसिलीत बांदीखेडी इथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाच्या क्लस्टरला केंद्राची मंजुरी मिळाली आहे आणि त्याच वर्षी केंद्राने इलेक्ट्रॉनिक सुटे भाग व सेमीकंडक्टरच्या सेझसाठी किमान जागेची अट ५० हेक्टरवरून १० हेक्टरवर आणली आहे. अशा वेळी या शहराने एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. सेझमुळे निर्यात वाढते, व्यवस्था नीट असेल तर गुंतवणूकही येते. रोजगार मात्र आपोआप येत नाही. तो करारात लिहून घ्यावा लागतो, आणि आजवर आपण तो लिहून घेतलेला नाही.

कल्पना जुनी आहे. आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळाच्या परिसरात १९५९ मध्ये असे मुक्त क्षेत्र सुरू झाले. भारताने १९६५ साली कांडला इथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र उभारले, ते आशियातले पहिले. १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीला सीप्झ आले. आधी इलेक्ट्रॉनिक्ससाठी काढलेल्या या क्षेत्रात टाटा-बरोजसारख्या कंपन्यांमधून सॉफ्टवेअर निर्यातीचा पाया घातला गेला आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हिरेजडित दागिन्यांचे कारखाने आले. वाणिज्यमंत्री मुरासोली मारन चीनमधली क्षेत्रे पाहून आले आणि २००० साली त्यांनी सेझचे धोरण जाहीर केले. २००५ मध्ये संसदेने कायदा केला, २००६ मध्ये नियम लागू झाले.

कायद्याची मांडणी सोपी आहे. कुंपणाच्या आतली जमीन, व्यापार आणि सीमाशुल्कापुरती, देशाच्या शुल्कहद्दीबाहेरची मानली जाते. त्यामुळे यंत्रे आणि कच्चा माल आयात करताना शुल्क लागत नाही. देशातल्या उद्योगाने आत माल पुरवला तर ती निर्यात समजली जाते आणि त्यावर जीएसटीचा बोजा पडत नाही. म्हणजे औषधांच्या बाटल्यांना पुठ्ठ्याची खोकी पुरवणारा लहान कारखानदार, त्याचा टेम्पो फाटकातून आत गेला की, हिशेबात निर्यातदार ठरतो. आतला माल देशात विकायचा असेल तर मात्र परदेशी मालाप्रमाणे शुल्क भरावे लागते. परवानग्यांसाठी विकास आयुक्त हा एकच अधिकारी आणि त्याच्या अध्यक्षतेखालची मान्यता समिती. या सगळ्याच्या बदल्यात घटकाने पाळायची मुख्य अट एकच: पाच वर्षांच्या हिशेबात त्याने आयातीवर खर्च केलेल्या परकीय चलनापेक्षा जास्त चलन मिळवले पाहिजे. किती माणसे कामाला लावली, याची अट कायद्यात नाही. पुढची सगळी कहाणी या एका गाळलेल्या जागेतून सुरू होते.

आधी जे साधले ते सांगायला हवे, आणि त्यासाठी भोपाळहून पश्चिमेला पीथमपूरला जावे लागते. पवारांच्या जुन्या धार संस्थानच्या मुलखातले हे गाव इंदूरच्या पलीकडे आहे. १९८०च्या दशकात इथे वाहन उद्योग आला आणि त्यात पुण्याच्या फिरोदियांचा वाटा मोठा होता. बजाज टेम्पोचा कारखाना इथे आला आणि किनेटिक होंडाच्या स्कूटर इथेच तयार होत. सुटे भाग बनवणारे, साचे करणारे, रात्रपाळीला सरावलेले कामगार असा सगळा गोतावळा त्यातून तयार झाला. कायदा होण्याच्या आधीच, २००३ मध्ये, इथले इंदूर सेझ सुरू झाले, तेव्हा त्याला ओसाड माळावरून सुरुवात करावी लागली नाही.

तिथे आज औषध कंपन्यांची रांग आहे. सिप्ला, लुपिन, ग्लेनमार्क आणि इप्का या चारही कंपन्यांची मुख्यालये मुंबईत आहेत, आणि चारही कंपन्यांचे कारखाने पीथमपूरच्या सेझच्या दुसऱ्या टप्प्यात आहेत. मायलनही तिथेच आहे. अमेरिकेतल्या औषध दुकानातून घेतलेल्या गोळ्यांच्या बाटलीवरचे बारीक अक्षरातले लेबल वाचले तर त्यात पीथमपूरचे नाव आणि ४५४७७५ हा पिनकोड सापडू शकतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या धार जिल्ह्याने हे साधले, ही लहान गोष्ट नाही. गोव्यात केरी इथे सिप्लाच्याच मेडिटॅब या उपकंपनीचे सेझ होऊ घातले होते. लोकांच्या विरोधामुळे मुख्यमंत्री दिगंबर कामत यांनी ३१ डिसेंबर २००७ रोजी राज्यातली सेझ रद्द करण्याची घोषणा केली आणि तो प्रकल्प थांबला. पीथमपूरमध्ये मात्र औषधांचा पसारा वाढत गेला.

या कंपन्या तिथे कशाला गेल्या? याचे ठरलेले उत्तर म्हणजे करसवलत. पहिली पाच वर्षे निर्यातीच्या नफ्यावर पूर्ण प्राप्तिकर माफ, पुढची पाच वर्षे निम्मा, आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत नफा पुन्हा धंद्यात घातला तर त्यावर निम्मी सूट, अशी ती योजना होती. तिचे आकर्षण मोठे होते हे खरेच. पण २०११ मध्ये सेझमधल्या कंपन्यांना किमान पर्यायी कर लागू झाला. २०१९ मध्ये सगळ्याच कंपन्यांचा कर उतरला आणि सेझचे वेगळेपण आणखी कमी झाले. २०२० मध्ये नव्या घटकांसाठी प्राप्तिकर सवलतीचे दार बंद झाले. तरी निर्यात थांबली नाही. कायदा आला त्या २००५-०६ या वर्षात सेझमधून सुमारे २२,८४० कोटी रुपयांची निर्यात झाली होती. २०२४-२५ मध्ये ती १७२ अब्ज डॉलरवर गेली, म्हणजे साडेचौदा लाख कोटी रुपयांच्या आसपास.

करमाफी सरल्यावरही जे टिकले, ते सेझचे खरे बळ आहे. बिनशुल्क आणि बिनकटकटीची आयात, फाटकातच सीमाशुल्काचा अधिकारी, पाणी आणि वीज यांची हमी, दहा खात्यांऐवजी एक खिडकी. निर्यातदाराच्या दृष्टीने वाचलेला दिवस हा वाचलेल्या करापेक्षा अनेकदा मोलाचा असतो, कारण परदेशातला खरेदीदार उशीर सोसत नाही.

तो हलगर्जीही सोसत नाही, आणि हे पीथमपूरला चांगलेच माहीत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये लुपिनच्या गोवा आणि पीथमपूर इथल्या कारखान्यांना इशारापत्र दिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिप्लाच्या पीथमपूर कारखान्याला तसेच पत्र आले. असे पत्र आले की दोष दूर होईपर्यंत त्या कारखान्यातल्या नव्या औषधांची मंजुरी अडकू शकते. कुंपण, फाटक, शुल्कमाफी सगळे जागच्या जागी असते, पण प्रयोगशाळेतल्या नोंदी, स्वच्छतेचे नियम आणि ते पाळणारे प्रशिक्षित हात कमी पडले तर निर्यातीलाच धोका होतो. हे हात घडवण्याची जबाबदारी कोणत्याही सेझ कायद्याने कुणावर टाकलेली नाही.

आता रोजगाराचा हिशेब. महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०१४ मध्ये सेझच्या कामगिरीवर अहवाल दिला. देशभर ४५,६३५ हेक्टर जमीन सेझसाठी अधिसूचित झाली होती. त्यातल्या २८,४८८ हेक्टरवरच कामकाज सुरू झाले होते. बारा राज्यांतल्या तपासलेल्या प्रकल्पांनी मिळून ३९,१७,६७७ रोजगारांचा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात मिळाले २,८४,७८५. शंभरातल्या त्र्याण्णव नोकऱ्या कागदावरच राहिल्या. २००६-०७ ते २०१२-१३ या सात वर्षांत सरकारने सोडून दिलेला महसूल कॅगने ८३,१०४ कोटी रुपये इतका मोजला. त्यानंतर परिस्थिती सुधारली, देशातल्या सेझमध्ये आज तीस लाखांच्या आसपास लोक काम करतात. तरीही ३९ लाखांचा आकडा अर्जात लिहिणाऱ्या कुणालाही त्याबद्दल जाब द्यावा लागला नाही, ही गोष्ट गंभीर आहे. ज्या गावांनी नोकरीच्या आशेने जमीन दिली, त्यांच्यासाठी तो आकडा म्हणजे घरातल्या मुलाचे भवितव्य होते.

निर्यातीचा आकडा आणि रोजगाराचा आकडा एका चालीने चालत नाहीत. रिलायन्सच्या जामनगरमधल्या सेझमधला तेलशुद्धीकरण प्रकल्प रोज ५ लाख ८० हजार बॅरल तेल शुद्ध करण्याच्या क्षमतेचा म्हणून उभारला गेला. तो एकटा देशाच्या सेझ निर्यातीचे चित्र बदलून टाकतो. पण शुद्धीकरणाचा कारखाना मुळातच यंत्रांचा, माणसांचा नव्हे. दुसऱ्या टोकाला तमिळनाडूतले चेय्यार. तिथल्या सेझमध्ये तैवानच्या फेंग ताय समूहाचा नायकीसाठी बूट बनवण्याचा कारखाना आहे. आसपासच्या खेड्यांतल्या हजारो स्त्रिया तिथे काम करतात. डॉलरमध्ये तोलले तर चेय्यार जामनगरपुढे कुठेच नाही. घरात येणाऱ्या पगारात तोलले तर पारडे उलटे फिरते. सरकारने कुठला काटा वापरायचा, हा राजकीय निर्णय आहे आणि तो लोकांसमोर, उघडपणे व्हायला हवा.

तमिळनाडूतच श्रीपेरुंबुदूरला सेझमध्ये नोकियाचा कारखाना होता. हजारो तरुण मुलामुलींना तिथे काम मिळाले आणि करविषयक वाद व कंपनीच्या विक्रीच्या गुंत्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये तो बंद पडला. कंपनी गेल्यावर कामगारांचे काय, याची तरतूद सेझच्या मंजुरीपत्रात असायला हवी होती. ती आजही नसते.

महाराष्ट्राने जमिनीची बाजू जवळून पाहिली आहे. रायगड जिल्ह्यात पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांत रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी भूसंपादन सुरू झाले, तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सार्वमत घ्यावे लागले आणि पुढे ते भूसंपादन गुंडाळले गेले. धरणाचे पाणी ज्या शेतीसाठी होते तीच जमीन कारखान्यासाठी मागितली गेली, याचा तो राग होता, आणि तो रास्त होता. नाशिकजवळ सिन्नरला इंडियाबुल्सच्या सेझसाठी घेतलेली शेकडो हेक्टर जमीन वर्षानुवर्षे उद्योगांविना पडून राहिली. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियाच्या विमानखरेदीच्या करारातून विमानदुरुस्तीचे केंद्र उभारले, टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस, लुपिन आले. पण २००२ च्या सुमारास विदर्भाला जे स्वप्न दाखवले गेले होते, त्याच्या मानाने हा वेग फार मंद आहे. मिहानमधून लिहून घेण्यासारखा धडा एवढाच की तिथे ज्या कंपन्या स्थिरावल्या, त्यांना विमानतळ आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आधीपासून हाताशी होती.

भोपाळजवळ सेझ नसतानाही निर्यात कशी होते, हे पाहायचे तर मंडीदीपला जावे. भोपाळच्या दक्षिणेला रायसेन जिल्ह्यात, नर्मदापुरमच्या रस्त्यावर ही औद्योगिक वसाहत आहे. तिथे १९७७ मध्ये सुरू झालेला एचईजीचा कारखाना ग्रॅफाइट इलेक्ट्रोड बनवतो. विजेच्या भट्टीत भंगार वितळवून पोलाद करताना हे इलेक्ट्रोड लागतात. एकाच जागी एवढे उत्पादन करणारा कारखाना जगात दुसरा नाही, असे सांगितले जाते, आणि त्याच्या मालाचा मोठा वाटा तीसहून अधिक देशांत जातो. मंडीदीपला कंटेनर कॉर्पोरेशनचा अंतर्देशीय डेपो आहे. तिथे कंटेनरवर सीमाशुल्काचे सील लागते आणि तो रेल्वेने बंदराकडे रवाना होतो. न्हावाशेव्यापर्यंतचे सुमारे आठशे किलोमीटर अंतर या डेपोमुळे कारखानदाराच्या डोक्यावरून उतरते. लुपिन, दावत तांदळाचा कारखाना, वर्धमानची सूतगिरणी हे सगळे याच पट्ट्यात आहे.

मंडीदीप जे सांगते ते भोपाळने मनावर घ्यावे. नकाशावर सेझची हद्द आखण्याआधी डेपोची क्षमता, बंदरापर्यंतच्या मालगाड्यांच्या ठरलेल्या वेळा आणि मालाची चाचणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या पाहिजेत. बांदीखेडीत इलेक्ट्रॉनिक सुटे भाग बनणार असतील तर चाचणीसाठी ते दुसऱ्या राज्यात पाठवावे लागू नयेत. मुंबईतल्या सीप्झने हे उशिरा का होईना ओळखले. तिथे दागिन्यांच्या लहान कारखानदारांना एकट्याने परवडणार नाहीत अशी त्रिमितीय छपाईची यंत्रे असलेले ‘भारत रत्नम्’ हे सामाईक सुविधा केंद्र जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातकर लावला तेव्हा दागिन्यांच्या धंद्याला धक्का बसलाच. एका देशाच्या बाजारावर विसंबलेले सेझ किती नाजूक असते, तेही तेव्हा दिसले.

आणि भोपाळला आणखी एक गोष्ट मागण्याचा हक्क आहे, तो या शहराने फार मोठ्या किमतीत कमावला आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून जे बाहेर पडले, त्याची फळे इथली माणसे चाळीस वर्षांनंतरही भोगत आहेत. १ जानेवारी २०२५ च्या रात्री त्या कारखान्यातला सुमारे ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरमधून हलवला गेला, आणि तो नेला पीथमपूरला. तिथले लोक रस्त्यावर उतरले. जूनअखेर तो जाळून झाला. कारखान्यावरची देखरेख ढिली पडली की तिची किंमत कोण मोजते, हे या दोन गावांना कुणी शिकवायला नको.

सेझच्या नियमांत राज्य सरकारला कामगार आयुक्तांचे अधिकार विकास आयुक्ताकडे सोपवण्याची मुभा आहे. निर्यात वाढवणे हे ज्याचे मुख्य काम, त्याच अधिकाऱ्याने कामगारांच्या तक्रारी आणि सुरक्षिततेची तपासणी बघायची, ही व्यवस्था चुकीची आहे. मध्य प्रदेशने ही मुभा भोपाळच्या कुठल्याही नव्या क्षेत्रासाठी वापरू नये. कारखाना निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कामगार विभाग यांचे अधिकार फाटकाच्या आतही तसेच राहावेत. गुंतवणूकदार याने पळून जात नाहीत. पीथमपूरच्या औषध कंपन्या अमेरिकी निरीक्षकांची याहून कडक तपासणी सोसून धंदा करतात.

नोकरीच्या कलमाचा मसुदा अवघड नाही. बाबा कल्याणी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नोव्हेंबर २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात सेझचे रूपांतर ‘रोजगार आणि आर्थिक क्षेत्रां’त करावे, असे सुचवले होते. रोजगार हा शब्द त्यांनी पहिला ठेवला. २०२२ च्या अर्थसंकल्पात सेझ कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याची घोषणा झाली, तो अजून आलेला नाही. पण राज्य सरकारला केंद्राच्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. जमीन राज्याची आहे, भाडेपट्टा राज्य करते, पाणी आणि विजेची सवलत राज्य देते. बांदीखेडीच्या प्रत्येक भाडेपट्ट्यात, अर्जातला रोजगाराचा आकडाच अट म्हणून लिहिता येईल: तिसऱ्या वर्षी किती माणसे, पाचव्या वर्षी किती, त्यांत कायम किती आणि कंत्राटी किती, स्त्रिया किती, बैरसिया तहसिलीतली किती. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून हे आकडे दर वर्षी ताडून पाहता येतात, त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. आकडा गाठला नाही तर त्या प्रमाणात जमिनीच्या किमतीतली सवलत परत घ्यावी, आणि पाच वर्षे पडून राहिलेला भूखंड काढून घेऊन दुसऱ्याला द्यावा. हे आकडे जिल्हाधिकारी कार्यालयाने दर वर्षी जाहीर करावेत, म्हणजे बांदीखेडीच्या शेतकऱ्याला आणि अवधपुरीत मुलाच्या पुण्याच्या तिकिटाचे पैसे भरणाऱ्या आईवडिलांना ते वाचता येतील.